ऑक्सिजनच्या नावात आंबट काय आहे?

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांचं शिबिर होतं. दुपारच्या सत्रात त्याच शाळेतल्या नववीच्या मुलांशी मी गप्पा मारायच्या, असं ठरलं होतं. विषय होता हवा. मी फळ्यावर 'ऑक्सिजन' असं लिहिलं, मध्ये एक उभी रेघ मारून शब्दाचे दोन तुकडे केले आणि काहीशा ऐटीतच सांगितलं, "हा शब्द ग्रीक आहे. ऑक्सिजन म्हणजे आम्ल तयार करणारा."

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, एचसीएलमध्ये ऑक्सिजन कुठं आहे?"

प्रश्न अगदी सरळ होता. प्रयोगशाळेच्या कपाटातली पहिली बाटली हायड्रोक्लोरिक आम्लाची असते आणि त्याच्या रेणूत हायड्रोजन आणि क्लोरीन यांच्याखेरीज काहीही नसतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं. ते नाव चुकीच्या समजुतीनं पडलं आणि मग तेच रूढ झालं." एवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. पण तिनं पुढं विचारलं, "मग चूक कळल्यावर बदललं का नाही?"

याचं उत्तर मला धड देता आलं नाही. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढली, हजारो वेळा हा शब्द लिहिला, पण त्याच्या पोटात काय आहे हे कधी नीट पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर शोध सुरू केला. हा शोध पॅरिसला गेला, तिथून अथेन्सला, आणि मग अनपेक्षितपणे आपल्याच भूमितीच्या पुस्तकात येऊन पोचला. तो इथं सांगतो आहे.

टोचणारी चव

पहिला तुकडा 'ऑक्सी'. ग्रीक भाषेत 'ऑक्सूस' म्हणजे धारदार, टोकदार. सुरीला, भाल्याला लावायचं हे विशेषण. मग कानाला टोचणारा उंच आवाजही 'ऑक्सूस' झाला आणि जिभेला टोचणारी चवही. ग्रीकांच्या जिभेला सगळ्यांत टोचायचा तो द्राक्षाच्या आंबलेल्या दारूचा शिरका. त्याला त्यांनी नावच दिलं 'ऑक्सोस'.

धारेचा शब्द चवीला लावणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपला 'तिखट' हा शब्द 'तीक्ष्ण' या संस्कृत शब्दापासून आला आहे आणि जुन्या मराठीत शस्त्रही तिखट असे. फरक इतकाच की ग्रीकांनी ही धार आंबटाला दिली, आपण ती मिरीला दिली. आणि पोर्तुगीजांबरोबर मिरची आल्यावर तिनं ती मिरीकडून काढून घेतली.

लॅटिनमध्येही हाच प्रकार दिसतो. तिथं 'आकेर' म्हणजे तीक्ष्ण, 'आकिदुस' म्हणजे आंबट, 'आकेतुम' म्हणजे शिरका. इंग्रजीतला 'ॲसिड' आणि शिरक्यातलं 'ॲसेटिक' आम्ल हे इथून आले. म्हणजे 'ऑक्सिजन' आणि 'ॲसिड' हे एकाच घराण्यातले, एक ग्रीक शाखेचा आणि एक लॅटिन शाखेचा. इंग्रजीतला 'एज', म्हणजे कड किंवा धार, हाही याच घराण्यातला, पण तो इंग्रजीचा घरचा शब्द आहे, बाहेरून आणलेला नाही. या सगळ्यांच्या मागं 'अक्' असा एक फार जुना धातू असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. अर्थ: टोक, धार. 'असावा' म्हटलं, कारण ती मूळ भाषा लिहिलेली कुठंही सापडत नाही. ग्रीक, लॅटिन, संस्कृत, जर्मन अशा लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा काढावा, तशी ती काढलेली आहे.

मग संस्कृतात या धातूचं काय झालं? यासाठी एक नियम ध्यानात घ्यावा लागतो. ग्रीक आणि लॅटिनमध्ये जिथं 'क' दिसतो, तिथं संस्कृतात पुष्कळदा 'श' दिसतो. ग्रीक 'देका', संस्कृत 'दश'. लॅटिन 'केन्तुम', संस्कृत 'शतम्'. हे दोन-चार शब्दांपुरतं नाही, शेकडो शब्दांत सापडतं, म्हणूनच त्याला नियम म्हणायचं. तर 'अक्'चा संस्कृतात 'अश्' व्हायला हवा. आणि तसा शब्द आहे: 'अश्रि', म्हणजे कड, कोपरा, शस्त्राची धार.

हा शब्द मराठीत कुणी वापरत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण चार 'अश्रि' असलेली आकृती म्हणजे 'चतुरश्र'. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी मांडताना चौरसाला 'समचतुरश्र' आणि आयताला 'दीर्घचतुरश्र' म्हटलेलं आहे. हा शब्द 'चतुरस्र' असाही लिहीत, आणि तोच झिजून आपला 'चौरस' झाला. सातवीच्या वर्गात फळ्यावर काढलेल्या चौरसाचा कोपरा आणि ऑक्सिजनमधला 'ऑक्सी' हे असे दूरचे चुलतभाऊ आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो.

इथं एक सावधगिरीची सूचना. ध्वनी सारखा दिसला की नातं जुळवायचा मोह फार होतो. ग्रीकमध्ये 'ओकूस' म्हणजे वेगवान. तो 'ऑक्सूस'सारखा दिसतो, पण त्याचा संस्कृत भाऊ 'आशु' आहे, 'अश्रि' नव्हे. इंग्रजीतला 'ऑक्स', म्हणजे बैल, याचाही आपल्या गोष्टीशी काही संबंध नाही. त्याचं नातं संस्कृत 'उक्षन्' या बैलवाचक शब्दाशी. ऑक्सफर्डच्या नावात बैल आहे आणि नदीचा उतार आहे, आम्ल नाही. आणि खुद्द 'अम्ल' हा संस्कृत शब्द, ज्यापासून आपला 'आंबट' आला, तो 'ॲसिड'सारखाच 'अ'नं सुरू होतो म्हणून त्या घरात घालायचा नाही. त्याचं मूळ वेगळं आहे.

दुसरा तुकडा 'जन'. इथं मात्र फार शोधावं लागत नाही. ग्रीक 'गेन्' म्हणजे जन्मणं, जन्म देणं. 'गेनोस' म्हणजे कुळ. इंग्रजीतले 'जीन', 'जेनेटिक्स', लॅटिनमधला 'गेनुस' हे सगळे त्यातले. पुन्हा एक नियम: जिथं ग्रीकमध्ये 'ग', तिथं अशा शब्दांत संस्कृतात 'ज' आणि इंग्रजीच्या घरच्या शब्दांत 'क'. ग्रीक 'गोनू', संस्कृत 'जानु', इंग्रजी 'नी', म्हणजे गुडघा. आजची इंग्रजी हा 'क' उच्चारत नाही, पण लिहिते अजून. ग्रीक 'ग्नोसिस', संस्कृत 'ज्ञान', इंग्रजी 'नो', म्हणजे जाणणं. तिथंही लिहिताना 'क' आहेच. याच चालीनं ग्रीक 'गेनोस', संस्कृत 'जन', 'जाति', 'जनक', आणि इंग्रजी 'किन', म्हणजे नातलग. मराठीत 'ऑक्सिजन' लिहिताना शेवटी जे 'जन' येतं, ते दिसायला योगायोगानं आलेलं असलं, तरी अर्थानं ते खरोखर आपलंच 'जन' आहे.

पॅरिस, १७८७

आता शब्द कुणी घडवला ते पाहू. शोध आणि नाव ही दोन वेगळी कामं आहेत आणि या वायूच्या बाबतीत ती वेगवेगळ्या माणसांनी केली.

स्वीडनमधला कार्ल शीले हा औषधं बनवणारा रसायनज्ञ. त्यानं हा वायू बहुधा सगळ्यांच्या आधी मिळवला, पण त्याचं पुस्तक निघायला १७७७ साल उजाडलं. तो याला 'अग्नीची हवा' म्हणे. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकानं १ ऑगस्ट १७७४ रोजी बारा इंच व्यासाच्या भिंगानं सूर्याचे किरण एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली. जी हवा निघाली, तिच्यात मेणबत्ती विलक्षण जोरात पेटली. पुढच्या वर्षी त्यानं या हवेत उंदीर ठेवून पाहिला. नेहमीची हवा तेवढीच घेतली असती तर तो पाव तासात गुदमरला असता, इथं अर्ध्या तासानंतरही तगला. मग प्रीस्टलीनं ती स्वतः हुंगून पाहिली. त्यानं तिला नाव दिलं 'फ्लॉजिस्टन काढून घेतलेली हवा'. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं तत्त्व असतं आणि जळताना ते हवेत निघून जातं, असं तेव्हा मानत. फ्लॉजिस्टन अजिबात नसलेली हवा ते भराभर शोषून घेणार, म्हणून तिच्यात ज्योत जोरात जळणार, असा त्याचा तर्क.

ऑक्टोबर १७७४ मध्ये प्रीस्टली पॅरिसला गेला असताना त्यानं आंत्वान लाव्हाझिएच्या घरी जेवताना हा प्रयोग सांगितला. लाव्हाझिएच्या डोक्यात तेव्हा वेगळंच गणित चाललेलं होतं. १७७२ साली त्यानं गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले होते. जळताना जर काही निघून जात असेल तर वजन घटायला हवं. इथं ते वाढलं होतं. म्हणजे हवेतलं काहीतरी जळणाऱ्या पदार्थात येऊन मिळत होतं. प्रीस्टलीच्या हवेत त्याला ते 'काहीतरी' सापडलं.

आणि इथंच आम्ल आलं. गंधक जाळा, जे उरतं ते पाण्यात विरघळवा: आम्ल मिळतं. फॉस्फरस जाळा: आम्ल. कोळसा जाळा, तो वायू पाण्यात सोडा: सौम्य का होईना, आम्लच. सोऱ्यापासून काढलेल्या नायट्रिक आम्लातही त्याला हीच हवा सापडली. चार वेगवेगळे पदार्थ, चार वेगवेगळी आम्लं आणि चारही ठिकाणी समान असा एकच घटक. मग आम्लाचा आंबटपणा त्या समान घटकामुळं आहे, हे म्हणणं आपल्यापैकी कुणाला चुकीचं वाटलं असतं? मला तर वाटलं नसतं. १७७७ सालच्या एका निबंधात त्यानं हा विचार मांडला आणि त्या घटकाला 'आम्ल जन्मवणारं तत्त्व' या अर्थाचं ग्रीक नाव सुचवलं. तो निबंध छापून यायला १७८१ साल उजाडलं.

नाव पक्कं झालं ते १७८७ साली. त्या वर्षी लाव्हाझिए, गितों द मोर्व्हो, बर्तोले आणि फूर्कर्वा या चौघांनी मिळून रासायनिक नामकरणाच्या पद्धतीवर एक पुस्तक काढलं. तोवर रसायनांची नावं कशी असत? तांब्याच्या क्षाराला 'व्हीनसचं व्हिट्रिऑल', लोखंडाच्या क्षाराला 'मार्सचं व्हिट्रिऑल', शिवाय 'जस्ताची फुलं', 'गंधकाचं यकृत', 'अँटिमनीचं लोणी'. आपल्या बाजारातली नावं याच धर्तीची आहेत. मोरचूद आणि हिराकस ही नावं ऐकून, या दोन्हींत गंधकाचंच आम्ल आहे आणि एकात तांबं तर दुसऱ्यात लोखंड आहे, हे कुणाला कळेल? नव्या पद्धतीत एक झाला कॉपर सल्फेट, दुसरा आयर्न सल्फेट. नाव वाचलं की घटक कळलेच पाहिजेत, हा त्यामागचा आग्रह होता. वस्तू, कल्पना आणि शब्द हे तीन एकमेकांना घट्ट चिकटलेले असावेत, असं लाव्हाझिएनं पुढं १७८९ च्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं. तीत तो कोंदियाक या तत्त्वज्ञाचा आधार घेतो: नीट विचार करायचा तर आधी नीट भाषा हवी.

पण घटक सांगणारं नाव द्यायचं तर मूलद्रव्याचं काय? त्याला घटकच नसतात. तिथं त्यांनी गुणावरून नाव द्यायचं ठरवलं. पाणी जन्मवणारा तो हायड्रोजन, आम्ल जन्मवणारा तो ऑक्सिजन. यातला 'हुदोर', म्हणजे पाणी, हा आपल्या 'उदक'चा सख्खा नातलग. इंग्रजी 'वॉटर' आणि रशियन 'व्होदा' हेही त्याचेच. संस्कृतात पाणमांजराला 'उद्र' म्हणतात आणि इंग्रजीत 'ऑटर', तेही इथूनच. जो वायू श्वासाला उपयोगाचा नाही, त्याला लाव्हाझिएनं 'आझोत' म्हटलं: 'अ' म्हणजे नाही आणि 'झोए' म्हणजे जीवन. यातला 'अ' आपल्या 'अशक्य', 'अज्ञान' यांतलाच, आणि 'झोए'चा संस्कृत भाऊ 'जीव'. तुकडा-तुकडा घेतला तर 'आझोत' म्हणजे 'अजीव'. आपल्या शरीरातलं एकही प्रथिन ज्याच्याशिवाय बनत नाही, त्या मूलद्रव्याचं हे नाव! इंग्रजांनी सुदैवानं दुसरं नाव घेतलं, शाप्ताल या फ्रेंच रसायनज्ञानं १७९० साली दिलेलं 'नायट्रोजन', म्हणजे सोरा जन्मवणारा. त्यातला 'नायट्र' ग्रीकांनी पूर्वेकडून घेतला आणि त्याचं मूळ प्राचीन इजिप्तच्या भाषेत आहे. मृतदेह टिकवायला तिथं जो खारा सोडा वापरत, त्याचं ते नाव. आपले शेतकरी खताच्या दुकानात 'नत्र, स्फुरद, पालाश' मागतात, त्यातला 'नत्र' या 'नायट्र'च्या ध्वनीवरूनच घडवलेला आहे.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. फेब्रुवारी १७८६ मध्ये कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी भाषण केलं आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन या एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, असं सांगितलं. एप्रिल १७८७ मध्ये लाव्हाझिएनं पॅरिसच्या अकादमीत नव्या नामकरणाची गरज मांडली. दोन्हींत अंतर चौदा महिन्यांचं. जोन्स यांचं भाषण छापून आलं १७८८ मध्ये. म्हणजे लाव्हाझिएनं 'ऑक्सिजन' घडवला, तेव्हा त्यातलं 'जन' संस्कृतातही नांदत आहे, हे त्याला ठाऊक असायचा संभव जवळजवळ नाही.

जलज की जलजनक?

नावावर पहिला हल्ला झाला तो रसायनाच्या नव्हे, व्याकरणाच्या बाजूनं. ग्रीक भाषेत समासाच्या शेवटी 'गेनेस' आलं की त्याचा अर्थ बहुधा 'पासून जन्मलेला' असा होतो. डायोजिनीस या नावाचा अर्थ झ्यूसपासून जन्मलेला. झ्यूसला जन्म देणारा नव्हे. मग 'ऑक्सिजन' म्हणजे आम्लापासून जन्मलेला आणि 'हायड्रोजन' म्हणजे पाण्यापासून जन्मलेला, असा अर्थ निघतो. हवा होता त्याच्या अगदी उलट!

मराठी वाचकाला हा घोटाळा समजावून सांगायला फार कष्ट नकोत. 'जलज' म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं. जन्म देणारा म्हणायचं तर 'जनक' म्हणावं लागतं. चौघा फ्रेंचांना म्हणायचं होतं 'अम्लजनक' आणि ग्रीक कानाला ऐकू येत होतं 'अम्लज'. त्यांनी सांगितलं की आम्ही 'जन्म देतो' या अर्थाचं क्रियापद घेतलं आहे, आणि विषय संपवला. आज 'पॅथोजेन', 'ॲलर्जेन' अशा कितीतरी शब्दांत 'जेन' म्हणजे 'जन्मवणारा' हाच अर्थ आहे. ग्रीकांना न विचारता विज्ञानानं तो रूढ केला.

रसायनाच्या बाजूची अडचण जास्त गंभीर होती, आणि ती शाळेतही पाहता येते. गंधक जाळून तो धूर ओल्या निळ्या लिटमसवर सोडला की लिटमस तांबडा होतो. आता मॅग्नेशियमची फीत जाळा आणि ती पांढरी राख ओल्या तांबड्या लिटमसवर ठेवा. लिटमस निळा होतो! ऑक्सिजन दोन्हीकडे तोच आहे, पण एकीकडे आम्ल झालं आणि दुसरीकडे आम्लारी. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीनं १८०७ साली विजेच्या साहाय्यानं पोटॅश फोडून पोटॅशियम मिळवलं, तेव्हा दिसलं की पोटॅशसारख्या दाहक आम्लारीतही ऑक्सिजन आहे. 'आम्ल जन्मवणारा' आम्लाच्या वैऱ्याच्या घरात सापडला.

उरलं होतं ते मिठापासून काढलेलं आम्ल, म्हणजे आजचं हायड्रोक्लोरिक, त्या मुलीचं एचसीएल. त्यात ऑक्सिजन कुणालाच दाखवता येत नव्हता. लाव्हाझिएचं म्हणणं होतं की तो आहेच, फक्त एका अज्ञात मूलद्रव्याला इतका घट्ट धरून बसलाय की सुटत नाही. १७८९ च्या त्याच्या मूलद्रव्यांच्या यादीत त्या अज्ञाताला जागाही राखून ठेवलेली आहे. या आम्लापासून जो हिरवट-पिवळा वायू निघतो, त्यात तर आणखी जास्त ऑक्सिजन आहे असं मानत. खरं तर चौघांपैकीच एक असलेल्या बर्तोलेनं दाखवलं होतं की प्रुसिक आम्लात ऑक्सिजन मिळत नाही. पण एका-दोन अपवादांसाठी नियम कोण सोडतो?

डेव्हीनं या हिरवट वायूत विजेनं पांढराशुभ्र तापवलेला कोळसा धरला. ऑक्सिजन असता तर कोळशानं तो ओढून घेतलाच असता. कोळशावर काहीही परिणाम झाला नाही. इतरही अनेक उपाय थकल्यावर १८१० साली त्यानं जाहीर केलं की हा वायू फोडता येत नाही, म्हणून त्याला मूलद्रव्यच मानलं पाहिजे. आणि मिठाचं आम्ल म्हणजे हा वायू अधिक हायड्रोजन, बाकी काही नाही. लाव्हाझिए तोवर हयात नव्हता. ८ मे १७९४ रोजी, फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला. जुन्या राजवटीच्या कर-वसुली कंपनीतली भागीदारी त्याला भोवली. प्रीस्टलीचं बर्मिंगहॅममधलं घर जमावानं १७९१ मध्ये जाळलं आणि तो पुढं अमेरिकेला गेला. १८०४ साली तो वारला, तोपर्यंत त्यानं फ्लॉजिस्टन काही सोडलं नाही. 'ऑक्सिजन' हे नाव त्याला कधीच पटलं नाही, आणि गंमत अशी की नावाच्या अर्थापुरतं त्याचं न पटणं बरोबर ठरलं.

डेव्हीनं नव्या मूलद्रव्याला नाव देताना मागच्यांची ठेच लक्षात ठेवली. हा वायू काय करतो, कशापासून होतो, या भानगडीत तो पडला नाही. डोळ्यांना जो रंग दिसतो तोच त्यानं घेतला: ग्रीक 'ख्लोरोस', म्हणजे हिरवट-पिवळा, त्यावरून 'क्लोरीन'. सिद्धान्त बदलले तरी रंग बदलणार नाही, हा त्याचा हिशोब. हा 'ख्लोरोस'ही आपल्या ओळखीचा आहे. ग्रीक 'ख'च्या जागी अशा शब्दांत संस्कृतात 'ह' येतो (हिवाळ्याला ग्रीक 'खेमोन', संस्कृत 'हेमन्त'), आणि त्याचं भावंड निघतं 'हरि', 'हरित'. आपली हळद, म्हणजे 'हरिद्रा', आणि 'हिरवा' इथलेच. क्लोरोफिलला मराठीत 'हरितद्रव्य' म्हणायचं ज्यानं ठरवलं, त्यानं नुसतं भाषांतर केलं नाही, हरवलेला भाऊच परत आणला.

पुढं १८३८ साली लीबिगनं आम्लाची व्याख्याच बदलली: धातूला आपली जागा देऊ शकेल असा हायड्रोजन ज्यात आहे, ते आम्ल. म्हणजे आम्लपणाचा धनी निघाला हायड्रोजन. आणि पाण्याचं म्हणाल, तर ९ ग्रॅम पाण्यात ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. दोघांच्या नावाच्या पाट्या चुकून एकमेकांच्या दारावर लागल्यासारखं झालं.

मग बदललं का नाही?

त्या मुलीला आज मी उत्तर देईन ते असं. १८१० पर्यंत हा शब्द एकटा राहिलेला नव्हता. त्याच्यावरून 'ऑक्साइड' झाला होता, 'ऑक्सिडेशन' झालं होतं. लाव्हाझिएच्या पाठ्यपुस्तकाचं रॉबर्ट करनं केलेलं इंग्रजी भाषांतर १७९० मध्येच निघालं होतं आणि रसायनशास्त्राची एक पिढी त्यावर वाढली होती. एक नाव बदलायचं तर अर्धा शब्दकोश बदलावा लागला असता. त्यापेक्षा सोपं असं झालं की लोक त्यातलं ग्रीक विसरले. 'दगडू' नावाच्या मुलाला हाक मारताना आपल्याला दगड कुठं आठवतो? नाव हाकेपुरतं राहिलं की त्यातली चूक कुणाला बोचत नाही. बोचली ती फक्त त्यांना, ज्यांनी ते भाषांतरित करून घेतलं.

कारण भाषांतरात अर्थ पुन्हा जिवंत होतो. जर्मनांनी केलं 'झाउअरश्टोफ', म्हणजे आंबट पदार्थ. डचांनी 'झ्यूरस्टॉफ'. रशियनांनी 'किस्लोरोद', आंबट जन्मवणारा. जपानमध्ये १८३७ पासून निघालेल्या उदागावा योआन यांच्या रसायनाच्या ग्रंथात डच शब्दावरून 'सान्सो' आला, आम्लाचं मूलतत्त्व. बंगालीत 'अम्लजान' झाला. तिथं 'जान' असा घेतला की ध्वनीही जुळावा आणि अर्थही; कारागिरी म्हणून मला हा शब्द फार आवडतो. पण लाव्हाझिएची चूक या सगळ्या भाषांत उघड्या अक्षरांत लिहिलेली आहे. तिथल्या शिक्षकाला एचसीएलचा प्रश्न दरवर्षीच येत असेल.

चिनी भाषेनं वेगळी वाट घेतली. तिथं एकोणिसाव्या शतकात 'पोषण करणारी हवा' असा शब्द आला आणि आजचं चिन्ह त्याच उच्चारावरून बनलेलं आहे. मराठीचा 'प्राणवायू' याच वाटेचा. हा वायू आम्ल बनवतो की नाही, या वादात आपण पडलोच नाही. आपण श्वासाकडं पाहिलं. 'प्राण' म्हणजे 'प्र' आणि 'अन्', श्वास घेणं. याच 'अन्'चे लॅटिन भाऊ 'आनिमा', म्हणजे श्वास किंवा जीव, आणि त्यावरून आलेला 'ॲनिमल'. जुन्या शालेय पुस्तकांतून 'कर्बद्विप्राणिल वायू' म्हणून कार्बन डायऑक्साइड शिकलेले वाचक अजून असतील. त्यात 'द्वि' आहे, 'कर्ब' आहे, 'प्राण' आहे. लाव्हाझिएच्या पद्धतीत चपखल बसणारं नाव. पण ज्या वायूत मेणबत्ती विझते आणि उंदीर मरतो, त्याच्या नावात दोनदा प्राण!

'प्राणवायू'ची अडचण आणखी एक आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हा शब्द नवा घडवलेला नाही. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे शरीरातले पाच वायू आयुर्वेदात आणि योगात फार पूर्वीपासून आहेत. तिथं 'प्राण' म्हणजे शरीरातल्या एका हालचालीचं, एका कार्याचं नाव आहे. बाटलीत भरून वजन करता येईल अशा पदार्थाचं नाही. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्र मराठीत आणताना हा तयार शब्द नव्या पदार्थाला लावला गेला. सोय झाली, पण दोन अर्थ एका नावात कोंडले गेले. म्हणून दर शिबिरात कुणीतरी उठून सांगतं की ऑक्सिजन आपल्या पूर्वजांना ठाऊक होता, हे पाहा ग्रंथात 'प्राणवायू' लिहिलाय. त्या शिक्षकांना मी एवढंच विचारतो, की त्या ग्रंथात तो कशातून वेगळा काढला, हे लिहिलंय का? पाऱ्याची तांबडी राख, भिंग आणि ऊन, असं काही?

आणि हा वायू सगळ्यांचाच प्राण आहे, असंही नाही. दलदलीच्या चिखलात, जनावरांच्या आतड्यांत असे जिवाणू आहेत, ज्यांना तो विषासारखा मारतो. धनुर्वाताचा जिवाणू खोल जखमेत वाढतो तो तिथं हवा पोचत नाही म्हणूनच. नववीच्या वर्गात हे सांगितलं की कुणीतरी विचारतंच, "मग त्यांच्या भाषेत याला काय म्हणत असतील?"